‘सिस्टर, एक मिनिट!’ : पेशंटजवळ थांबणाऱ्या घरच्यांसाठी

रात्रीचे सव्वाआठ वाजले होते. आईच्या सलाईनचे थेंब पडायचे थांबले होते आणि तीन वेळा बेल दाबूनही कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी मीच उठून नर्सिंग स्टेशनवर गेले. तिथे चार सिस्टर घोळका करून उभ्या होत्या. मी म्हणाले, “गप्पा झाल्या असतील तर आमच्याकडेही बघा जरा.” अख्खा पॅसेज वळून माझ्याकडे बघायला लागला.

त्या गप्पा मारत नव्हत्या. ड्युटी बदलत होती आणि दिवसपाळीची सिस्टर रात्रपाळीच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून देत होती. सलाईनही बंद पडलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी आरएमओनी, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरांनी, सांगितलं म्हणून ते मुद्दाम बंद केलं होतं. त्यातल्या एकीने हे शांतपणे सांगितलं आणि मी मान खाली घालून परत येऊन बसले.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही नऊ दिवस काढले. मी ठाण्यात कोपरीला राहते, दादा कोपरखैरणेला. ट्रान्सहार्बर लोकलने आळीपाळीने ये-जा करायचो. पुढच्या दोन वर्षांत सासऱ्यांसाठी पालिकेच्या रुग्णालयातही मुक्काम झाला. या सगळ्यात माझी मावसबहीण मला फोनवरून खडसावत असायची. ती स्वतः स्टाफ नर्स, रोज बदलापूरहून ठाण्याला येते. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तिचं, आणि उरलेलं मी चुका करून शिकलेलं.

आधी माणसं ओळखा

वॉर्डात पांढऱ्या, निळ्या, गुलाबी, मरून अशा सगळ्या रंगांचे युनिफॉर्म फिरत असतात आणि प्रत्येक हॉस्पिटलची रंगांची भानगड वेगळी. पहिल्याच दिवशी विचारून घ्या: आमच्या बेडला आत्ता कोण सिस्टर आहेत? नाव विचारा आणि नावासकट हाक मारा. पुरुष नर्स असेल तर ‘ब्रदर’. ‘ओ बाई’, ‘अहो मॅडम’, ‘शुक शुक’ यातलं काहीही नको. वयाने कितीही लहान असली तरी ‘अगं, ए’ तर नकोच. तिने आपल्या आईला प्रेमाने ‘आजी’ म्हटलं म्हणून ती आपली भाची होत नाही.

साफसफाई, बेडपॅन, चादर बदलणं ही कामं बहुतेक ठिकाणी मावशींची असतात. व्हीलचेअर, स्ट्रेचर, एक्स-रेला नेणं-आणणं मामांचं. औषध बदलायचं, रिपोर्टचा अर्थ सांगायचा, घरी कधी सोडायचं हे डॉक्टर किंवा आरएमओ ठरवतात. बिल खालच्या काउंटरवर, कॅशलेस विम्याचं टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने मंजुरीचं बघणारे) आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे. हे सांगायचं कारण असं की, दिवसभरात सिस्टरला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत बिलाचे प्रश्नच मोठ्या संख्येने असतात आणि त्यांची उत्तरं तिच्याकडे नसतात. ‘मला माहीत नाही’ म्हटलं की आपल्याला वाटतं, उडवून लावतेय.

तिच्याकडे असतं ते वेगळंच: औषधं वेळेवर देणं, बीपी, ताप, नाडी, शुगर बघणं, लघवी किती झाली आणि पोटात किती गेलं याची नोंद, जखमेकडे लक्ष आणि काही बिनसलं तर डॉक्टरला वेळेत बोलावणं. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येऊन पाच मिनिटं बघतात, बाकी सगळा वेळ पेशंट सिस्टरच्या नजरेखाली असतो. त्यासाठी ती जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं शिकलेली असते. ‘नुसती इंजेक्शन देणारी’ हा समज घराच्या उंबऱ्यावरच ठेवून या.

ब्यूरोकडून आणलेली केअरटेकर ही नर्स नव्हे. ती भरवेल, अंग पुसून देईल, सोबत बसेल. नळीतून अन्न देणं किंवा सलाईनला हात लावणं तिने सिस्टरला विचारल्याशिवाय करायचं नाही. हे तिला तुम्हीच बजावा.

अ‍ॅडमिशनचा पहिला तास

या तासात सिस्टर एक लांबलचक फॉर्म भरते. ‘हे सगळं खाली सांगितलंय की’ असं म्हणून वैतागू नका. खाली सांगितलं ते बहुतेकदा नाव-पत्त्याचं असतं.

घरातून निघताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा. ‘ती सकाळची गुलाबी छोटी गोळी’ हे वर्णन कुणाच्याही उपयोगाचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती शेवटची कधी घेतली हे तासासकट सांगा, ऑपरेशन केव्हा करता येईल हे त्यावर अवलंबून असतं. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, होमिओपॅथीच्या गोळ्या हेही सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून घरचे हेच नेमकं लपवतात. एखादं औषध ‘चालत नाही’ म्हणजे काय होतं तेही सांगा. पुरळ उठलं होतं, नुसतं पोट बिघडलं होतं की श्वास अडकला होता? तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग पेशंटची रोजची स्थिती. घरी स्वतः चालत संडासला जातात का? स्वतः जेवतात का? ऐकू कमी येतं का, कुठल्या कानाने? विसरभोळेपणा आधीपासून आहे का? सिस्टरने तुमच्या वडिलांना आजच पहिल्यांदा पाहिलंय. ते एरवी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आहेत की दिवसभर गप्प बसणारे, हे तिला कळायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नाही.

दागिने घरी. ऑपरेशनच्या आधी मंगळसूत्र आणि बांगड्या काढायला सांगतात तेव्हा बऱ्याच घरांत रडारड होते. आईने तर साफ नकार दिला होता. सिस्टरने तिच्या मनगटाला पिवळा दोरा बांधायची परवानगी थिएटरमधून विचारून आणली आणि मंगळसूत्र माझ्या हातात देऊन सही घेतली. सही घेतली म्हणून राग मानू नका, ती दोघांच्या भल्याची. कवळी, चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र जवळ हवंच. कवळी टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवली की ताटाबरोबर गेलीच म्हणून समजा. झाकणाचा डबा आणा, वर नाव लिहा.

आता भाषेबद्दल. नवी मुंबईत आणि ठाण्यात केरळच्या सिस्टर पूर्वीपासून आहेत, हल्ली ईशान्येकडच्या मुलीही दिसतात आणि आपल्या लातूर-नांदेडच्याही पुष्कळ. सगळ्यांचं हिंदीवर भागतं. पण आजीचं हिंदी आणि त्यांचं मराठी यांची गाठ पडत नाही. ऑपरेशननंतर आई सारखी “मला बाहेर जायचंय” म्हणत होती. कोट्टायमची सिस्टर तिला समजावत होती, “आजी, अभी बाहर नहीं जाने का, डॉक्टर डांटेगा.” आमच्याकडे ‘बाहेर’ म्हणजे संडास, हे त्या बिचारीला कुठून कळणार? चादर बदलायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला.

त्या रात्री मी एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठी आणि समोर हिंदी असं लिहिलं: बाहेर जायचंय म्हणजे संडास. कसंतरी होतंय म्हणजे मळमळ. जीव घाबरतोय म्हणजे छातीत धडधड. कळ येते म्हणजे मधूनमधून जोरात दुखतंय. नको म्हणाली तरी पाणी विचारा, लाजते. सिस्टरला विचारून तो कागद मायक्रोपोरच्या पट्टीने पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. तीन पाळ्यांच्या सिस्टरांनी तो वापरला आणि एकीने त्याचा फोटोही काढून नेला.

बोलणारा एकच

घरातल्या एकाचं नाव आणि नंबर फाइलवर द्या आणि सिस्टरशी, डॉक्टरशी त्यानेच बोलायचं. आमच्याकडे पहिल्या दोन दिवसांत मी, दादा, वहिनी, पुण्याचा मामा आणि सोसायटीतल्या एक रिटायर्ड काकू, अशा पाच जणांनी तोच प्रश्न पाच वेळा विचारला. उत्तरं थोडी थोडी वेगळी आली. येणारच, सकाळी आणि संध्याकाळी तब्येत वेगळी असते. त्यावरून घरच्या ग्रुपवर ‘हॉस्पिटलवाले काहीतरी लपवतायत’ असा निष्कर्ष निघाला.

त्यानंतर दादा बोलणार असं ठरलं. बाकीच्यांनी आपले प्रश्न ग्रुपवर टाकायचे, दादा राउंडला विचारणार आणि एकच मेसेज पाठवणार. भेटायला आलेल्या नातेवाइकांना फाइल उघडून दाखवायची नाही, आणि फोनवरून तब्येत विचारली तर सिस्टर सांगत नाही याचा राग धरायचा नाही. पलीकडे कोण बोलतंय हे तिला काय ठाऊक?

वॉर्डाचं घड्याळ

सर्वसाधारणपणे सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या वेळांना पाळ्या बदलतात. काही खासगी ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोनच पाळ्या असतात. आपल्या वॉर्डच्या वेळा विचारून घ्या, कारण त्याच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास निकडीचं नसेल तर काही मागायचं नाही. हँडओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंट समजावून देणं, अर्धवट राहिलं तर त्यातून औषध चुकतं, डोस दोनदा जातो. मधे बोलून आपण आपलंच नुकसान करत असतो. काही हॉस्पिटलांत हे हँडओव्हर बेडपाशी होतं. तसं असेल तर गप्प उभं राहून ऐका. संपल्यावर एखादं वाक्य जोडायला हरकत नाही, उदाहरणार्थ “आज दुपारी जेवल्या नाहीत.” बहीण म्हणते, असं वाक्य तिला हवंच असतं.

सकाळी नऊ ते अकरा डॉक्टरांचा राउंड. त्यानंतर नव्या ऑर्डर लिहून घेणं, औषधं मागवणं, रक्त पाठवणं यांत सिस्टर बुडालेली असते. निवांत बोलायचं तर साधारण बारा-साडेबारा किंवा दुपारची औषधं आटोपल्यावर चार-पाचच्या सुमाराला. अंग पुसणं कधी, चालवायला फिजिओथेरपिस्ट कधी येणार, उद्या उपाशी ठेवायचंय का, हे तेव्हा विचारा.

पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. कुर्ल्यात, ठाण्यात पाणी साचलं, लोकल थांबल्या की पुढच्या पाळीची सिस्टर पोचत नाही आणि आधीची घरी जाऊ शकत नाही. बाराव्या तासाला असलेली ती बाई आणखी चार तास उभी असते. अशा दिवशी तिच्याकडून हसण्याची अपेक्षा नको. चहा आणणार असाल तर तिलाही विचारा.

कधी धावत जायचं

बेल दाबून वाट न बघता उठून जायची वेळ कुठली, हे पेशंटजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवं. श्वास लागणं किंवा श्वासाचा आवाज बदलणं, ओठ-नखं निळसर होणं. छातीत दुखणं, दरदरून घाम. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं जड होणं. हाक मारूनही जागं न होणं. ड्रेसिंग रक्ताने भिजणं. रक्त चढवताना थंडी वाजणं, ताप, खाज, कंबरेत दुखणं; हे पहिल्या पंधरा मिनिटांत होण्याची शक्यता जास्त, म्हणून तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून पेशंटच्या तोंडाकडे बघत बसा. पेशंट पडला तर आधी ओरडून सिस्टरला बोलवा, स्वतः ओढून उठवू नका.

सलाईनच्या सुईपाशी लाली, सूज किंवा ठसठस, पाच-सहा तासांत लघवीच नाही, उलट्या, नव्याने आलेला ताप हे धावत जाण्याजोगं नसलं तरी ‘नंतर सांगू’ म्हणून ठेवण्याजोगंही नाही. उशी, चादर, पंखा, टीव्हीचा रिमोट, दूध कोमट नाही या गोष्टी एकत्र साठवा आणि सिस्टर आपल्या बेडशी येईल तेव्हा एकदम सांगा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्याच यादीत न बसणारं, पण ‘ही एरवी अशी नसते’ असं वाटायला लावणारं काहीही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री आईने मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मी हसून सोडून दिलं. थोड्या वेळाने बघते तर ती दोन बोटांनी चादरीवरून काहीतरी उचलत होती आणि बाजूला टाकत होती. “काय करतेस?” “तांदूळ निवडतेय. खडे फार आहेत.” दादाला फोन केला. तो म्हणाला, “म्हातारं माणूस आहे, भुलीचा अंमल असेल, झोपू दे.” मलाही तेच खरं वाटावंसं वाटत होतं. पण माझी आई शहात्तराव्या वर्षीही दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करायची.

मी स्टेशनवर गेले. या वेळी टोमणा न मारता म्हणाले, “सिस्टर, बारा नंबरच्या बेडची मी मुलगी. आईला दोन तासांपासून भ्रम झाल्यासारखं आहे. मला ओळखत नाही, चादरीवरून तांदूळ निवडतेय. घरी असं कधीच नव्हतं. रात्रीचं जेवण जवळपास गेलं नाही.”

ती हातातलं काम टाकून माझ्याबरोबर आली. आधी बोटातून शुगर बघितली, मग बीपी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, लघवीच्या पिशवीवरचा आकडा. आरएमओला फोन लावला आणि मी सांगितलेलंच तिने दोन वाक्यांत तिच्या भाषेत सांगितलं. रक्त तपासायला गेलं. सोडियम 119 आलं, जे 135 ते 145 असायला हवं. ते सावकाश वर आणायचं असतं, एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, “दूधवाल्याचे पैसे दिलेस का?”

मी बोलले त्यात चार गोष्टी होत्या: कुठला बेड, काय बदललं, कधीपासून, आणि एरवी कसं असतं. काही खायला-प्यायला किंवा औषध दिलं असेल तर ती पाचवी. बहीण सांगते, “‘सिस्टर, बघा ना, काहीतरी होतंय त्यांना’ असं कुणी म्हटलं तर मला शून्यापासून सुरुवात करावी लागते. आणि असं दिवसातून वीसदा म्हणणाऱ्याकडे एकविसाव्या वेळेला जरा उशिराच जाते मी, खोटं कशाला बोलू.”

हात लावायचा नाही

सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवून ‘जरा हळू’ किंवा ‘जरा फास्ट’ करणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. त्यातून जाणारं औषध तासाला किती जावं हे मोजून ठरवलेलं असतं. पंप वाजला तर बटण दाबून आवाज बंद करू नका, सिस्टरला सांगा. हात वाकल्यामुळे वाजत असेल तर हात सरळ करून बघा, एवढंच. ऑक्सिजनचा काटाही जिथे आहे तिथेच राहू द्या. दम्याच्या किंवा जुन्या फुप्फुसाच्या काही पेशंटना जास्त ऑक्सिजन अपायकारक ठरतो.

लघवीची पिशवी नेहमी कंबरेच्या खाली लटकलेली आणि जमिनीला न टेकलेली हवी. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवतात, मग लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होतो. पिशवी रिकामी केलीत तर आधी आकडा वाचून सिस्टरला सांगा. आम्ही ‘मदत’ म्हणून रिकामी केली आणि तिचा आठ तासांचा हिशेब बुडवला.

‘उपाशी ठेवा’ म्हणजे घोटभर चहासुद्धा नाही. पोटात काही असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. चुकून दिलंत तर कबूल करा, ऑपरेशन पुढे ढकलणं परवडलं. नाकातून नळी असेल तर घरचं सूप परस्पर ओतायचं नाही. नळी जागेवर आहे ना हे सिस्टर बघते आणि पाठ उचलून बसवूनच फीड देते. मधुमेह असेल तर जेवण आल्यावर आधी सिस्टरला हाक, कारण इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ जुळावी लागते. आणि बेडला हात लावण्याआधी भिंतीवरचं सॅनिटायझर, दर खेपेला. पाहुण्यांनाही सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

गोळीबद्दल विचारायचं कसं

विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. “हे कशासाठी आहे, सिस्टर?” एवढं पुरे. “हे कालच्यापेक्षा वेगळं दिसतंय, बदललंय का?” हेही छान. चांगली सिस्टर स्वतःच मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचते, पेशंटला नाव विचारते आणि मगच देते. नाही विचारलं तर तुम्ही सहज म्हणा, “आईचं नाव अमुक अमुक, बेड बारा.” त्यात अपमान नसतो. एकाच वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन आज्या आम्ही पाहिल्यात. घरची नेहमीची गोळी मात्र परस्पर देऊ नका, बहुतेकदा तीच दुसऱ्या नावाने आधीच चालू असते.

रात्री थांबणाऱ्याने एक साधी वही ठेवावी. ताप कधी, जेवण किती, संडास झाली का, डॉक्टर काय म्हणाले. आमच्यात सकाळी साडेसातला बदली व्हायची आणि वहीमुळे दादाला आल्या आल्या सिस्टरला छळावं लागायचं नाही. झोपण्याआधी पलंगाचे कठडे वर आहेत का बघा. बरेच पेशंट रात्री एकट्याने बाथरूमला जाताना पडतात, ‘मुलीला कशाला उठवू’ म्हणून. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ती बदलायला सिस्टरला मदत करा, कशी धरायची हे तिच्याकडून शिकून घ्या. घरी गेल्यावर तेच करायचंय. स्त्री पेशंटला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सिस्टरने किंवा घरच्या बाईने सोबत असावं, हा पेशंटचा हक्कच आहे. निःसंकोच मागा.

आयसीयू आणि सरकारी वॉर्ड

आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा निकष आहे. त्यामुळे तिथे लक्ष जास्त आणि आपल्याला प्रवेश कमी. ठरलेल्या दहा मिनिटांत मॉनिटरचे आकडे वाचत बसू नका. पेशंटचा हात धरा, नाव घेऊन बोला. आत जाण्याआधी सिस्टरला दोनच प्रश्न विचारा: कालपासून काय बदललं, आणि आज आम्ही काय आणायचं. रात्री फोन आलाच तर तो कुणाच्या मोबाइलवर येणार ते पक्कं करा आणि तो मोबाइल चार्ज ठेवा.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं पालिकेचं रुग्णालय अशा ठिकाणी गणित वेगळं. शहापूर-मुरबाडपासूनचे पेशंट कळव्याला येतात आणि पेशंटच्या मानाने हात कमी पडतात. तिथे भरवणं, अंग पुसणं, तपासणीचा कागद नेऊन देणं बरंचसं नातेवाइकांकडे येतं. त्याला ‘सिस्टर काही करत नाहीत’ असं म्हणण्याआधी एका पाळीत तिच्याकडे किती खाटा आहेत ते मोजा. सासऱ्यांच्या वॉर्डातल्या परिसेविका, म्हणजे इनचार्ज सिस्टर, रागीट होत्या, आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत जायचा. पण पहाटे चार वाजता बॅटरी घेऊन प्रत्येक सलाईन बघत फिरणारी बाईही तीच होती.

चुकलंच तर

चुका होतात. आईला एकदा बेडपॅनसाठी पस्तीस मिनिटं थांबावं लागलं, तिसऱ्यांदा सांगूनही. मी रात्री भांडले नाही. वहीत वेळा लिहिल्या आणि सकाळी इनचार्ज सिस्टरना वेळांसकट सांगितलं. त्यांनी रात्रीच्या मावशींची विभागणी बदलली. शिरस्ता हाच: आधी त्या सिस्टरशी एकटीशी, मग इनचार्ज, मग मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख, मग लेखी. सरकारी रुग्णालयात अर्ज अधिसेविकेच्या, म्हणजे तिथल्या मेट्रनच्या, नावाने. खासगी ठिकाणी 2021 च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते आणि पालिकेकडे तक्रार निवारण कक्षही असतो. केसपेपरच्या प्रती मागितल्यास 72 तासांत द्याव्यात असा डॉक्टरांसाठी नियम आहे. लेखी मागा, पोच घ्या.

आवाज चढवणं, मोबाइल तोंडासमोर धरून शूटिंग करणं, दहा पोरं बोलावणं याने कुणाचाही पेशंट लवकर बरा झालेला नाही. शूटिंगमध्ये शेजारच्या बेडवरची उघडी-वाघडी माणसंही येतात. हात उचललात तर महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड.

पैशाचं पाकीट देऊ नका. कुणी मागितलं तर वरच्या तक्रारीच्या रस्त्याने जा. पेढ्यांचा पुडा द्यायचाच तर स्टेशनवर सगळ्यांना मिळून. त्याहून चांगलं म्हणजे मेट्रनच्या नावाने चार ओळींचं पत्र, ज्यात सिस्टरचं नाव, तारीख, पाळी आणि तिने नेमकं काय केलं ते असेल. असं पत्र बहिणीला तेरा वर्षांत तीनदा आलं. तिन्ही तिने जपून ठेवलीत.

घरी सोडताना

डिस्चार्ज सांगितल्यापासून खरोखर निघेपर्यंत निम्मा दिवस जातो. फाइल पूर्ण होणं, फार्मसीचा हिशेब, विम्याची मंजुरी, यातलं सिस्टरच्या हातात फार थोडं असतं. दर पाच मिनिटांनी ‘झालं का’ विचारण्यापेक्षा तो वेळ तिच्याकडून शिकून घेण्यात घालवा. कुठली गोळी बंद आणि कुठली नवी, टाके ओले झाले तर काय करायचं, कशाकशासाठी परत यायचं आणि रात्री अपरात्री फोन कुठे करायचा. कागदावर लिहिलेलं असलं तरी एकदा तिच्या तोंडून ऐका आणि आपण तिला उलट सांगून दाखवा.

आम्हाला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन घरी रोज आईच्या पोटात द्यायचं होतं. ‘आम्ही नर्स बोलवू’ असं मी म्हणत होते. सव्वाआठच्या त्या प्रसंगातलीच सिस्टर त्या दिवशी ड्युटीवर होती. ती म्हणाली, “आज तुम्हीच द्या, मी आहे.” बेंबीपासून किमान दोन इंच लांब, कातडीची चिमूट धरून ठेवायची, सुई सरळ आत. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. दिल्यावर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. उद्या दुसरी बाजू. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या डब्यात, कचऱ्यात नाही. माझा हात एवढा थरथरत होता की आईच म्हणाली, “दे गं लवकर, भाजी फोडणीला टाकतेस तशी.” सिस्टर हसली, माझं मनगट खालून धरलं, आणि मी सुई टोचली.